शुक्रवारची लिंक

त्रिवेणीबाई बिरादार येशूच्या झाल्या याचा त्यांच्या माणसांना धक्का बसलाच. पण त्या कशा झाल्या हे ऐकून जास्त बसला. कारण ऐकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आजार बरा झाला नव्हता, स्वप्नात कुणी आलं नव्हतं, बुडता धंदा तरला नव्हता. संदेश, म्हणजे त्यांचा मुलगा, तेव्हा दिलसुखनगरला कोचिंगला जायचा. त्याचा क्लास सुटेपर्यंत बसायचं कुठे, हा प्रश्न होता. उन्हाळा रणरणत होता, आणि टाइल्सच्या एका दुकानाच्या माडीवर एक हॉल होता, तिथे पंखे जोरात फिरत होते. बाई पंख्यासाठी आत गेल्या. आत तेलुगूत प्रार्थना चालली होती. कुणी त्यांना ऊठ म्हणालं नाही, कुणी कोण तुम्ही म्हणालं नाही. एका बाईने पाण्याचा पेला आणून दिला. असा तो उन्हाळा गेला.

"मधेच कधीतरी मला कळलं," त्या सांगायच्या, "की आता पंखा बंद पडला तरी मी उठणार नाही."

हे ऐकून प्रतापराव बिरादारांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, वाचाच बसली होती. पाण्याच्या मोटारी विकणारा माणूस. गिऱ्हाइकाला तासभर बोलण्यात गुंगवणारा. शेवटी म्हणाले, "पंख्यासाठी देव बदललीस? मला सांगितली असतीस तर घरात एसी बसवून दिलो असतो की."

बिरादार मंडळी मूळची भालकीकडची, शेतीवाडीची. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. त्या घराण्यात असं काही कुणी केलं नव्हतं. नणंदेने वर्षभर फोन उचलला नाही. पुढे सगळं निवळलं. घरातला देव्हारा होता तिथे राहिला, प्रतापराव सकाळी त्याला उदबत्ती लावत राहिले, आणि बाई रविवारी सकाळी हॉलला जात राहिल्या. आता या गोष्टीला आठेक वर्षं झाली असतील.

नारायणगुड्यातल्या एका जुन्या मराठी शाळेत त्या गणित शिकवतात. बोलणं मोकळं, आवाज मोठा. आपल्याला मिळालेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रिक्षावाल्याला सांगतील, भाजीवालीला सांगतील, पालक सभेला आलेल्या आईला मुलाचे गुण दाखवता दाखवता सांगतील. मात्र वाद कधी घालणार नाहीत. तुमचा देव खोटा, हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. "माझं असं असं झालं," एवढंच त्या सांगत, आणि समोरचा कंटाळला की हसून दुसरं बोलत. त्यामुळे लोक त्यांची चेष्टा करत, पण त्यांना टाळत नसत.

चेष्टेचा मोठा विषय म्हणजे शुक्रवारची लिंक. दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये उपवास-प्रार्थना असते. ती यूट्यूबवर लाइव्ह दिसते आणि मग तिथेच राहते. बाई तिची लिंक शाळेच्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत. खाली एकच ओळ: वेळ मिळाला तर ऐका. लगेच दहा-बारा जोडलेले हात उगवत, आणि ऐकत कुणीच नसे. "मॅडम, तुमची लिंक आली की मला कळतं उद्या शनिवार," असं इंग्रजीची प्रियदर्शिनी तोंडावर म्हणायची. खेळाचे मिलिंद सर तर लिंक यायच्या आधीच हात जोडून ठेवायचे.

भारतीबाई उदगीरकर मात्र हातसुद्धा जोडत नसत. त्या संस्कृत शिकवतात. घराणं चार पिढ्यांचं वकिलीतलं आणि सरकारी नोकरीतलं. घरात सोवळंओवळं आता राहिलं नसलं तरी शिस्त तशीच आहे. त्रिवेणीबाईंपेक्षा त्या पाच-सहा वर्षांनी मोठ्या. दोघींची मैत्री जुनी, डब्यातली भाजी न विचारता उचलण्याइतकी. पण या एका विषयावर भारतीबाई कधी बोलत नसत. आपलं हे सगळं ताईंना आवडत नाही, असं त्रिवेणीबाईंनी मनाशी धरलं होतं, आणि ज्यांना सांगावंसं सगळ्यात जास्त वाटायचं त्यांनाच त्या कधी काही सांगत नव्हत्या.

म्हणून त्या दिवशी जे झालं त्याने त्या चाटच पडल्या. शाळा सुटल्यावर दोघी हिमायतनगरला मिरची बज्जीच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, उभ्या होत्या. हा त्यांचा जुना शौक. भारतीबाईंनी कांदा-लिंबू मारलेली बज्जी हातात घेतली आणि खाल्लीच नाही.

"अमोल बंगळुरूला नाही," त्या म्हणाल्या.

अमोल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मोठ्या कंपनीत इंजिनियर. कंपनीने प्रोजेक्टवर बंगळुरूला पाठवलंय, असं भारतीबाईंनी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

"इथेच आहे. शहराबाहेर एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे. दारू फार वाढली होती, त्रिवेणी. सकाळीसुद्धा लागायची. आम्ही दोघं आणि आता तू, एवढ्यांनाच माहीत आहे. कुणाला बोलू नको."

अमोल त्रिवेणीबाईंच्या हाताखालून गेलेला पोरगा. पाढे म्हणताना पायाने ठेका धरायचा. काय बोलावं ते त्यांना सुचेना, आणि सुचेना तेव्हा जे नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं. "ताई, मी प्रार्थना करू का त्याच्यासाठी?" त्यांनी घाबरत घाबरत विचारलं.

"कर," भारतीबाई म्हणाल्या, आणि बज्जी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

बाईंना रडू आलं. आठ वर्षांत ताईंनी पहिल्यांदाच हा दरवाजा किलकिला केला होता.

शुक्रवारी त्या शाळेतून थेट हॉलला गेल्या. नणंद घरी यायची होती म्हणून लवकर निघायचं होतं. पास्टरम्मा, म्हणजे पास्टरांची बायको, दाराशीच भेटली. बाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, माझी एक मैत्रीण आहे, तिच्या मुलाला दारू सुटू दे.

"पेरु चेप्पंडी," पास्टरम्मा म्हणाली. नाव सांगा.

इथे बाई चुकल्या, आणि का चुकल्या तेही सांगितलं पाहिजे. त्या ख्रिस्ताच्या झाल्या होत्या, पण लहानपणापासून आईबरोबर देवळात जाऊन जे अंगात मुरलं होतं ते जाणार कुठे? अर्चना करायची तर पुजारी विचारतो, गोत्रम? पेरु? आणि आई घरातल्या एकूण एक माणसाचं नाव सांगायची, गोत्र ठाऊक नव्हतं म्हणून सरसकट काश्यप ठोकून द्यायची. नाव सांगितलं नाही तर पूजा दुसऱ्याच्या खात्यावर जाते, असं तिचं पक्कं मत होतं. पास्टरम्माने नाव विचारलं तसं बाईंच्या आतली ती मुलगी उत्तर द्यायला पुढे झाली. भारती. एवढ्याने भागेल का? शहरात भारती काय एक आहे? भारती उदगीरकर. राहणार नारायणगुडा. मुलाचं नाव अमोल. गोत्र तेवढं सांगायचं राहिलं.

पास्टरम्माने मान डोलावली. बाईंचं मन हलकं झालं. थोडा वेळ गाण्यांना बसून त्या निघाल्या, आणि घरी जाताना रिक्षातूनच, नेहमीसारखी, न बघता, ग्रुपवर लिंक टाकली. वेळ मिळाला तर ऐका.

शनिवारी सकाळी भारतीबाईंनी त्यांना संगीताच्या रिकाम्या वर्गात बोलावलं. दार लोटलं. मोबाइल पेटीवर ठेवला आणि चालू केला.

पास्टरम्माचा आवाज माईकवरून येत होता. हॉल भरलेला दिसत होता. "नारायणगुडा भारती उदगीरकरगारी कुमारुडु अमोल," पास्टरम्मा प्रेमाने, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणत होती, "तागुडु नुंडी विडुदल पोंदालनी..." तागुडु म्हणजे दारू पिणं, हे हैदराबादेत राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. अमोलची दारूतून सुटका व्हावी. सगळ्या हॉलने आमेन म्हटलं. मग पास्टरम्माने सगळ्यांना उभं केलं आणि ते नाव पुन्हा घेतलं.

त्रिवेणीबाई पेटीशेजारच्या सतरंजीवर बसल्या. हॉलमध्ये सगळ्यांच्या विनंत्या माईकवर सांगतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं ऐकत होत्या. पण कानात सांगितलेलं माईकवर जाईल हे डोक्यातच आलं नाही. आणि लिंक कुणी पाठवली? त्यांनीच. स्वतःच्या हाताने, शाळेतल्या प्रत्येकाला.

"कुणी दाखवलं तुम्हाला हे?" त्यांनी विचारलं. पहिला प्रश्न हाच निघाला, याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

भारतीबाईंनी त्याचं उत्तर दिलं नाही. "नाव कशाला सांगितलंस?"

"प्रार्थनेला नाव लागतं की ओ, ताई."

"तुझ्या देवाला नाव-गाव सांगितल्याशिवाय कळत नाही?" भारतीबाईंचा आवाज चढला नव्हता, वर्गात शिकवताना असतो तेवढाच होता. "मग देवळातल्या पुजाऱ्यात आणि या बाईत फरक काय? पुजारी निदान माईकवर सांगत नाही."

मोबाइल उचलून त्या गेल्या.

बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे ग्रुपवरची लिंक पुसली. मग पास्टरम्माला फोन लावला.

"बहुत अच्छा हुआ ना अम्मा," पास्टरम्मा आनंदाने म्हणाली, "अमोल के वास्ते सब लोगां रो रो के प्रार्थना करे."

"वो वीडियो निकालो अम्मा. अब्भी के अब्भी निकालो."

"कायकू?" पास्टरम्माला खरंच कळेना. "हमारे में तो सब बोलते. मेरी बेटी फेल हुई, तब भी मैं माईक पे बोली. छुपाए तो लोगां कैसा प्रार्थना करते?"

तिच्या आवाजात कुठे कपट नव्हतं, आणि त्यामुळेच बाईंना आणखी हादरा बसला. चिडायला समोर कुणी वाईट माणूसच नव्हतं. बाईंनी तिला सगळं समजावलं, तेव्हा ती रडायलाच लागली. व्हिडिओ टाकणारा माणूस कामावर गेला होता. तो संध्याकाळी येईल आणि काढेल, असं ठरलं.

पण संध्याकाळपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. ग्रुपवर लिंकच्या जागी "हा संदेश हटवला गेला" अशी ओळ दिसत होती. आठ वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेली लिंक बाईंनी पुसली, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार. "मॅडम, काय होतं?" प्रियदर्शिनीने विचारलं. "माझे जोडलेले हात वाया गेले," मिलिंद सरांनी लिहिलं. हॉलचं नाव सगळ्यांना पाठ होतं. शोधायला कितीसा वेळ लागतो? दुपारी ग्रुप एकाएकी गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यानेच बाईंना काय ते कळलं.

रविवारी त्या हॉलला गेल्या नाहीत. प्रतापराव देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावत होते. बायकोला अजून घरातच बघून त्यांना काडी विझवायचं भान राहिलं नाही. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"दुसरी भारती म्हण," ते लगेच म्हणाले. "हैदराबादेत काय एकच भारती आहे?"

"उदगीरकर पण सांगितले मी."

प्रतापरावांनी डोळे मिटले. "गाव?"

"नारायणगुडा."

"आधार नंबर तेवढा राहिला का?" ते म्हणाले, पण त्यांनाच हसू आलं नाही. मग ते तिच्याजवळ बसले. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला टोमणा मारून सोडून दिलं नाही. "तू आता पुन्हा तिकडे जाऊ नको," असं म्हणायची संधी होती. तीही त्यांनी घेतली नाही. बाईंना ते जास्त लागलं.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. अमोल बुधवारी केंद्रातून घरी यायचा होता. नव्याने सुरुवात करायची म्हणून तो येणार, आणि गल्लीत, शाळेत, नातलगांत त्याच्याकडे सगळे वेगळ्याच नजरेने बघणार. तो पुन्हा बाटलीकडे वळला तर ते आपल्यामुळे. आणि भारतीताई? त्या आता आपल्याशी कधी बोलतील, ही आशाच त्यांनी सोडली होती. दिवसभर प्रार्थना करायला बसल्या की त्यांना स्वतःचाच आवाज माईकवरून ऐकू यायचा, आणि त्या उठायच्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले होते. भारतीबाई अजून आल्या नव्हत्या. प्रियदर्शिनी दोनदा पाणी प्यायली आणि शेवटी तिने विचारलंच. "मॅडम, त्या व्हिडिओत जे नाव आहे... त्या आपल्या भारती मॅडम का?"

सगळ्यांचे हात डब्यातच थांबले. मिलिंद सर खाली बघायला लागले. त्रिवेणीबाईंनी आयुष्यात पोरांची खोटी कारणं पुष्कळ पकडली होती, आणि स्वतः खोटं बोलायचं नाही हे तर त्या कुणालाही छातीठोक सांगायच्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणीतरी आहे. आमच्या हॉलला येते."

इतक्या सफाईने निघालं की त्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"दुसरी कुणी नाही."

भारतीबाई दारात उभ्या होत्या. हातात डबा होता. त्या आत आल्या, डबा टेबलावर ठेवला, पण बसल्या नाहीत. "मीच ती. अमोल माझा मुलगा. तो बंगळुरूला नव्हता. दारू सोडायला केंद्रात होता. परवा घरी येतोय. बंगळुरूचं मी तुम्हाला खोटं सांगितलं, कारण मला लाज वाटत होती. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिलिंद सर उठले आणि त्यांनी भारतीबाईंसाठी खुर्ची ओढली. भारतीबाई तिच्यावर बसल्या, डबा उघडला, आणि पोळीचा एक घास तोडून तसाच हातात धरून राहिल्या.

तास सुरू झाले तेव्हा त्रिवेणीबाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "ताई, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"आत्ता खोटं कशाला बोललीस?"

"तुम्हाला वाचवायला."

"शुक्रवारी मला वाचवायला खरं सांगितलंस. आज मला वाचवायला खोटं सांगितलंस." भारतीबाई दमल्यासारख्या दिसत होत्या. "मला एकदा विचारायचं होतंस, त्रिवेणी. माझ्या घरचं होतं ते. सांगायचं तर मी सांगायचं, नाहीतर नाही."

भारतीबाई निघाल्या, आणि दोन पावलांवर थांबल्या.

"परवा विचारलंस ना, कुणी दाखवलं म्हणून? कुणी नाही दाखवलं. मी ऐकते."

"काय?"

"तुझी लिंक. दर शुक्रवारी. अमोलचं सुरू झालं तेव्हापासून. स्वयंपाक करताना कानात घालते. ह्यांना वाटतं मी भजनं ऐकते." त्या त्रिवेणीबाईंकडे बघत नव्हत्या, खाली मैदानात बघत होत्या. "सगळ्या शाळेत मी एकटीच ऐकत होते. तू ते पुसायला गेली नसतीस, तर आपल्या दोघींतच राहिलं असतं."

हात न जोडणारी, एक शब्द न बोलणारी ही एकच बाई ऐकत होती. बाकी सगळं जग हात जोडून पुढे जात होतं आणि ही, पोळी लाटता लाटता, ऐकत होती. आणि तिनेच, एकटीने, स्वयंपाकघरात उभं राहून आपल्या मुलाचं नाव ऐकलं होतं.

"अमोल घरी आला, जरा सावरला, की तुला म्हणणार होते, मला एकदा तिकडे घेऊन चल," भारतीबाई म्हणाल्या. "आत जाताना चपला बाहेर काढायच्या असतात की नाही, तेवढं मला कळत नव्हतं. व्हिडिओत दार दिसत नाही."

"काढायच्या असतात, ताई," एवढंच त्रिवेणीबाईंच्या तोंडून निघालं.

"आता काय करायचंय," भारतीबाई म्हणाल्या, आणि नववीच्या वर्गात गेल्या.